पाण्याच्या आधीची जागा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील आमच्या वर्कशॉपमध्ये बहुतेक काम गाड्यांच्या इंजिनांचे असते. गेल्या हिवाळ्यात मात्र मालवणचे एक व्यावसायिक करूळ घाट चढून आपली स्पीडबोट ट्रेलरवर घेऊन आले. इंजिन सहा सिलिंडरचे, पेट्रोलवर चालणारे, कार्ब्युरेटरचे. पूर्ण थ्रॉटलला काळा धूर येतो, पेट्रोल अतोनात लागते आणि तरीही मीटर मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी असल्याचे दाखवतो, अशी त्यांची तक्रार होती. त्या मीटरवर विसंबून आधीच्या मेकॅनिकने जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोल सोडणारी छिद्रे, दोनदा मोठे केले होते. त्या मीटरला जोडलेले, धुरातील ऑक्सिजन मोजणारे आणि आता निकामी झालेले दोन सेन्सर मालकांनी पिशवीतून काढून माझ्या हातावर ठेवले. एकाच्या टोकाला पांढरे क्षार साचले होते आणि दुसरा हलवला की आत खुळखुळत होता.

ते क्षार पाहताच निम्मे निदान झाले. बोटीचे हेडर, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या, दुहेरी भिंतीचे असतात. दोन भिंतींमधून थंड पाणी फिरते आणि शेवटी तेच पाणी धुरात सोडले जाते. सेन्सर नेमका या मिलाफाजवळ बसवला होता. अशा वाइडबँड (मिश्रणाचे नेमके प्रमाण दाखवणाऱ्या) सेन्सरचे झिर्कोनियाचे सिरॅमिक काम करताना सुमारे 780 अंश सेल्सिअसला तापलेले असते, त्यावर पाण्याचा एक थेंब पडला तरी ते तडकते. शिवाय इंजिन संथ चालू असताना धुराच्या दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा नळीतून उलटी आत ओढली जाते. त्या हवेतील ऑक्सिजनही सेन्सर मोजतो, म्हणून रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले मिश्रणसुद्धा लीन भासते. स्पार्क प्लग काजळीने काळेकुट्ट झाले होते आणि खरे तेच सांगत होते.

सेन्सर सिलिंडर हेडच्या जवळ, पाणी मिसळण्याच्या बऱ्याच आधी आणि हेडरच्या वरच्या अंगाला बसवायचे ठरले. तेथे धूर कोरडा असला तरी भोक दोन भिंतींमधल्या पाण्याच्या जॅकेटमधूनच आरपार जाणार होते. आमच्या वेल्डरमामांनी सर्वांना थांबवले. "आधी जॅकेट दाबावर तपासू, मगच भोक पाडायचं बघा," असे ते म्हणाले. दोन्ही भिंतींना जोडणारी स्टेनलेसची बाही लेथवर करून त्यांनी ती टिग वेल्डिंगने बसवली, आणि पुन्हा दाब देऊन सांध्यावर साबणाचे पाणी सोडले. एकही बुडबुडा आला नाही. बाही तिरपी ठेवली होती, कारण पेट्रोल जळताना स्वतःच बरेच पाणी तयार होते आणि ते हेडरच्या थंड भिंतीवर दवासारखे जमते. ते सेन्सरच्या टोकाशी साचता कामा नये.

जमिनीवर इंजिनाला खरा भार मिळत नाही, म्हणून परवानगी काढून बोट पंचगंगेत राजाराम बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला उतरवली. पाणी ओढण्याच्या जाळीत जलपर्णी दोनदा अडकली, त्यात सकाळ गेली. सेन्सरच्या आतला हीटर बंद ठेवून तो धुरात राहिला तर त्यावर काजळी बसते आणि ओलसर धुरात हीटर चालू केला तर तो तडकण्याची भीती, म्हणून बाहीला आधी आंधळी टोपी लावून इंजिन तापवले आणि मग सेन्सर बसवला. संथ गतीचे आकडे मी मुद्दाम वहीत घेतले नाहीत. पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा 0.74 आला (लॅम्डा 1 म्हणजे हवा आणि इंधन अचूक प्रमाणात, त्याहून कमी म्हणजे रिच), म्हणजे इंजिन इंधनात बुडालेले होते. मोजमाप मी लॅम्डातच ठेवतो, कारण एक भाग इंधनाला 14.7 भाग हवा हा आकडा शुद्ध पेट्रोलचा आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळले की तो साडेतेराच्या आसपास उतरतो.

जेट एकेक पायरी लहान करत 0.83 वर थांबलो. मालकांना 0.85 हवा होता, पण कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर आहे. येथील विरळ हवेत कार्ब्युरेटर अडीच टक्क्यांच्या आसपास रिच चालतो, तेव्हा किनाऱ्यावर मिश्रण आपोआप तेवढे लीन होणार होते. बोट पूर्ण भारावर बराच वेळ धावते, येथेच 0.85 धरला असता तर समुद्रावर इंजिनाला पुरेसे इंधन मिळाले नसते आणि पिस्टन नाहक तापले असते.

चार दिवसांनी मालवणहून फोन आला. पूर्ण वेगाने मीटर 0.85 आणि 0.86 च्या दरम्यान स्थिर होता, धूर थांबला होता, आणि मी आठवण करून देण्याआधीच त्यांनी सेन्सर काढून बाहीला टोपी लावली होती.