जमालपूर आणि बेल्ट

एकाहत्तरच्या लढाईतलं, आताच्या बांगलादेशातलं जमालपूर म्हटलं की लोकांना चिठ्ठीचा किस्सा हवा असतो. आमच्या ब्रिगेडियर क्लेर साहेबांनी शरण या म्हणून पत्र धाडलं, तर पाकिस्तानच्या ३१ बलुच पलटणीच्या कर्नल सुलतान अहमदने उत्तराच्या कागदात गोळी गुंडाळून पाठवली. म्हणजे पेन ठेवा, स्टेनगन घेऊन या. मीही रंगवून सांगतो.

पुढचं कमी सांगतो. १० डिसेंबर १९७१ची रात्र. आम्ही फर्स्ट मराठा, जंगी पलटण, ढाक्याकडे जाणारा रस्ता अडवून बसलेलो. मी एमएमजीवर, म्हणजे मीडियम मशीनगनवर, नंबर दोन. नंबर एक ट्रिगर दाबतो, नंबर दोन गोळ्यांचा बेल्ट पुरवतो. बेल्ट सरळ धरायचा, अडकू द्यायचा नाही. पाकिस्तानी सैनिक घोळक्यानं रस्त्यावरून आले, हुकूम झाला आणि माझं काम मी चोख केलं. उजाडल्यावर बघतो तर दोनशेच्या वर प्रेतं. एका पोराच्या खिशातून भाजलेले चणे सांडले होते. माझ्या खिशात शक्करपारे होते.

लढाई चुकीची होती असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. मेघालयातल्या गारो टेकड्यांत निर्वासितांच्या छावण्या बघूनच आम्ही आत शिरलो होतो. पुन्हा हुकूम झाला असता तर पुन्हा बेल्ट धरला असता.

पण आमच्याकडं नाग मारला तरी तोंडात तांब्याचा पैसा घालून त्याला अग्नी देतात. मी सुट्टीवर आलो तर आईनं भाकरतुकडा ओवाळला, गावानं हलगी लावली. सूतक धर असं कुणी म्हणालं नाही. कीर्तनात बुवा अर्जुनाचा दाखला देतात. अर्जुनाला शंका विचारायला अठरा अध्याय मिळाले, आम्हाला सुभेदार साहेबांचा एक शब्द.

विहिरीचा दोर हातातून सरसर जायला लागला की माझी मूठ आपोआप उघडायची. किती घागरी बुडवल्या! बायकोला वाटायचं हातात जोर नाही. तिलाही खरं कारण सांगितलं नाही. नंबर एक भेटला की म्हणायचा, "तू नुसता बेल्ट धरलास गड्या." माझं ओझं उतरवत होता की स्वतःला सोबत शोधत होता, देव जाणे.

पंधरा ऑगस्टला शाळेत एखादं पोरगं विचारतंच, "आजोबा, किती मारले?" गुरुजी हसतात, टाळ्या पडतात. यंदा आधीच सांगून ठेवणार आहे, ब्रह्मपुत्रा कशी ओलांडली विचारा, ढाका विचारा, आकडा विचारायचा असेल तर शाल-नारळ दुसऱ्या कुणाला द्या.