पुरवणीची चार पानं

जुलैचा शेवटचा आठवडा. सहाव्या सेमिस्टरचा निकाल लागला होता आणि देवगडच्या पावसाने दुपारपासून लाईट घालवली होती. मी कॉलेजच्या परीक्षा विभागात लिपिक. खिडकीशी एक मुलगी आणि तिचे वडील उभे. कॉस्ट अकाउंटिंगला 75 पैकी 24. पासिंग 30 ला.

अशांना मी वर्षानुवर्षं एकच सांगत आलो होतो, "केटी भर, म्हणजे पेपर पुन्हा दे, रिव्हॅल्युएशनात पैसे फुकट जातात." त्या दिवशीही तेच म्हणालो. मुलगी बोलली नाही. वडील बोलले, "सायबानू, पैसे गेले तर गेले. पण माझ्या चेडवान लिवल्यान ता कोणीतरी बघूक व्हया." मासेमारी बंदी 31 जुलैपर्यंत असते. दोन महिने होडी किनाऱ्यावर, आणि हा माणूस पैसे गेले तर गेले म्हणतोय. मी गप्प झालो.

अर्जाला तीनच दिवस उरले होते. मी म्हटलं, थेट रिव्हॅल्युएशन नको, आधी फोटोकॉपी मागव. तपासलेली उत्तरपत्रिका बघायला मिळणं ही काही कुणाची मेहेरबानी नाही. सीबीएसईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2011 सालीच सांगितलंय की विद्यार्थी ती माहिती अधिकारात मागू शकतो. पण विद्यापीठाची स्वतःची सोय असताना तिथूनच जावं, लवकर होतं. लाईट आल्यावर, संध्याकाळी सातला, ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून अर्ज गेला. तोवर दोघं व्हरांड्यात बसून होती.

कॉपी मेलवर आली. अकाउंट्सच्या मॅडमना शेजारी बसवलं, कारण मला डेबिट-क्रेडिटपलीकडे कळत नाही. पहिल्या पानावरचा तक्ता: 8, 7, मग रिकामी चौकट, 5, 4. बेरीज बरोबर, 24. तिसरा प्रश्न लिहिलाच नसेल, असं मला वाटलं. मुलगी म्हणाली, "सर, तो पुरवणीत आसा." खाली स्क्रोल केलं. आधीच्या प्रत्येक पानावर तपासणीच्या लाल खुणा, आणि पुरवणीच्या चार पानांवर एकही नाही. प्रोसेस कॉस्टिंगचं अख्खं गणित, अॅबनॉर्मल लॉसचं खातं पट्टीने आखलेलं, लाल शाईचा एक ठिपका नाही. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "गणित बरोबर आहे गं."

आता अर्ज कसला करायचा? फेरगुणमोजणीत बेरीज आणि राहून गेलेली उत्तरं बघतात, पुनर्मूल्यांकनात, म्हणजे रिव्हॅल्युएशनात, दुसरा परीक्षक सगळा पेपर नव्याने तपासतो. मॅडमचं मत दुसरं करावं असं होतं, म्हणून तेच केलं. सोबत पुरवणीचा पान क्रमांक घालून साधं पत्र जोडलं. "माझ्यावर अन्याय झाला" वगैरे मजकूर मी खोडला, फक्त "प्रश्न 3, पुरवणी, तपासलेला नाही" एवढं ठेवलं. उत्तर नाही आलं तर पुढची पायरीही बघून ठेवली होती: यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2023 च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती, आणि तिथेही नाही पटलं तर विद्यापीठाने नेमलेला लोकपाल. तिथवर जावं लागलं नाही.

गणपती जवळ आले तेव्हा सुधारित निकाल आला. 33.

नवी गुणपत्रिका घ्यायला जुनी जमा करावी लागते. तिने ती माझ्यासमोर धरली, मग हात मागे घेतला. "एक मिनिट, सर." समोरच्या दुकानात जाऊन झेरॉक्स काढून आली आणि मग दिली.