तिसरा नकाशा

आज लिहायला बसणार नव्हतो, पण तो कागद काही डोक्यातून जात नाहीये. एकीकडे माझ्या उजव्या डोळ्याच्या कॉर्नियाचा (समोरचा पारदर्शक पडदा) चौदा महिन्यांपूर्वीचा नकाशा, मधे आजचा, आणि शेजारी तिसरा, दोघांची वजाबाकी. पहिल्या दोनांत मला काही फरकच दिसेना, बाहुलीच्या खाली तोच लालकेशरी डाग, कडेने हिरवं, मग निळं. तिसऱ्यात मात्र बाकी सगळं शांत आणि खाली एकच लाल ठिपका. तेवढीच जागा आणखी पुढे आलीये. केराटोकोनस म्हणतात याला, कॉर्निया पातळ होत पुढे येत जातो.

सहा महिन्यांनी या, डॉक्टर म्हणाले होते. मी चौदा लावले.

के-मॅक्स (कॉर्नियाचा सगळ्यात जास्त बाक, डायॉप्टरमध्ये मोजतात) ४९.२ चा ५१.६ झालाय. वर्षभरात १ डायॉप्टर वाढला तरी आजार सरकतोय असं धरतात, माझा २.४. पण मला लागला तो दुसरा आकडा. सगळ्यात पातळ जागा ४६८ मायक्रॉन होती ती ४४७ (चांगला कॉर्निया मधोमध साधारण ५४० चा असतो). क्रॉसलिंकिंगच्या (थेंब आणि यूव्ही किरणांनी कॉर्निया घट्ट करतात, त्याच्या) आधी वरचा थर खरवडून काढतात, त्यात पन्नासेक जातात, आणि खाली ४०० तरी उरायला हवेत, नाहीतर यूव्हीचा आतल्या पेशींना धोका. ४४७ वजा ५०. येताना हे तीनदा केलं. ४६८ मधून केलं असतं तर ४१८ आले असते, आरामात.

आणि मला कळलं कसं नाही? डावा डोळा चांगला आहे, तो सगळं ओढून नेत होता. उजव्याने दिव्याला खाली शेपूट दिसायची ती लांबली होती, घड्याळाचे आकडे दोन-दोन दिसायचे, मी म्हणायचो झोप झाली नाही. आणि चोळणं. दादा किती वेळा ओरडला असेल. बोटांच्या सांध्यांनी, जोर लावून, बरं वाटेपर्यंत. ते आठवलं की... जाऊ दे.

आईला अजून सांगितलं नाहीये.

डॉक्टर रागावले नाहीत, तेच जास्त बोचलं. पातळ कॉर्नियासाठी वेगळे थेंब असतात म्हणाले, त्याने तो थोडा फुगतो आणि मग करता येतं. गेलेलं परत येणार नाही, आहे तिथे थांबवायचं. हे ऐकून वाईट वाटायला हवं होतं पण खरं सांगतो, हलकं वाटलं, चौदा महिने ज्याच्याकडे बघायचं टाळलं त्याला निदान आकडा तरी आहे आता. ४४७. त्याच्यापासून सुरू करायचं.

कॉन्टॅक्ट लेन्समुळे कॉर्नियाचा आकार दबलेला असतो म्हणून दोन आठवडे ती काढून ठेवायची, मग परत स्कॅन, मग तारीख. तोवर उजव्या डोळ्याने सगळं धुरकट.

मघाशी खाज आली. हात अर्ध्यावर गेला होता. उठलो, रुमाल गार पाण्यात पिळून डोळ्यावर ठेवला आणि तसाच बसलो, तो कोमट होईपर्यंत.