ब्यूफोर्ट : युद्ध संपल्यानंतरचं गाव

अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या जागा पाहायला निघालेले लोक गेटिसबर्गला जातात, नाहीतर साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्स्टनहून बोटीने फोर्ट समटर गाठतात. १२ एप्रिल १८६१ रोजी पहिले तोफगोळे पडले ते याच किल्ल्यावर. तो आम्हीही पाहिला, पण मला खरी ओढ होती ती तिथून दीड-दोन तासांवरच्या ब्यूफोर्टची. युद्ध कोण जिंकलं हे पुस्तकात असतंच; गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांनी पुढे काय उभं केलं, ते इथे दिसतं.

गाव देखणं आहे. ओकच्या फांद्यांवरून राखाडी जटा लोंबतात, खाडीवरून खारं वारं येतं. प्रिन्स स्ट्रीटवरचा एक पांढरा वाडा मी रस्त्यावरूनच पाहिला. १८३९ साली या वाड्याच्या परसात, गुलामांच्या खोलीत, रॉबर्ट स्मॉल्स जन्मला. युद्धात तो गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेल्या दक्षिणेच्या ‘प्लँटर’ जहाजावर सुकाणू धरायचा. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर असताना त्याने कप्तानाची हॅट चढवली, वाटेत बायकामुलांना जहाजावर घेतलं, समटरसमोर ठरल्या खुणेची शिटी दिली आणि जहाज उत्तरेच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या, आरमाराच्या हवाली केलं. पुढे करथकबाकीत लिलावाला निघालेला जुन्या मालकाचा हाच वाडा त्याने विकत घेतला! फाटकासमोरून माझा पाय निघेना.

पूल ओलांडला की सेंट हेलेना बेट. नोव्हेंबर १८६१ मध्ये उत्तरेचं आरमार आलं आणि मळेवाले पळाले. इथल्या सगळ्या बेटांवर मिळून कापसाच्या मळ्यांवरचे सुमारे १०,००० गुलाम मागे राहिले. गुलामाला अक्षरओळख करून देणं हा इथे गुन्हा होता. १८६२ मध्ये त्यांच्यासाठी पेन स्कूल सुरू झालं आणि लवकरच विटांच्या चर्चमध्ये भरू लागलं. गुलामांनीच १८५५ मध्ये बांधलेल्या या चर्चमध्ये त्यांना बसायला फक्त वरचा सज्जा होता. आता मुलांबरोबर थोरली माणसंही अक्षरं गिरवू लागली.

जमिनीचं मात्र तसं झालं नाही. जानेवारी १८६५ मध्ये उत्तरेच्या जनरल शर्मनने किनारपट्टीवर सुटलेल्या गुलामांच्या दर कुटुंबाला ४० एकरांपर्यंत जमीन देऊ केली. वर्ष सरण्याआधीच अध्यक्ष जॉन्सननी ती जुन्या मालकांना परत करायला लावली. सेंट हेलेनावर अनेकांनी लिलावात रोख पैसे मोजून जमीन घेतली होती, म्हणून ती टिकली. त्यांच्या वंशजांची, गल्ला लोकांची, घरं आजही तिथे आहेत.

साउथ कॅरोलायना राज्याच्या १८६८ च्या घटनेत सर्वांसाठी मोफत शाळा आल्या. त्या मागणाऱ्यांत स्मॉल्स होता. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली, तेव्हा स्मॉल्स राज्याच्या सिनेटमध्ये होता आणि खालच्या सभागृहात काळ्या सदस्यांचं बहुमत होतं. त्या अर्पणपत्रिकेवर त्याचाही हक्क आहे, असं मी मानतो.

मग गोऱ्यांची सत्ता परतली आणि राज्याची १८९५ ची नवी घटना आली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचू दिलं नाही, त्यांनीच मतासाठी वाचता येण्याची अट घातली. घटना समितीत असलेल्या स्मॉल्सने तिच्यावर सही करायला नकार दिला. या सगळ्याची राष्ट्रीय स्मारक म्हणून नोंद व्हायला २०१७ उजाडावं लागलं, याचा मला संताप येतो.

चार्ल्स्टनला जाणार असाल तर ब्यूफोर्टला अख्खा दिवस द्या, आणि त्यातला अर्धा सेंट हेलेनावर घालवा. पेन स्कूलच्या आवारातच १९६० च्या दशकात मार्टिन ल्यूथर किंग आपल्या सहकाऱ्यांबरोबर पुढच्या लढ्याची आखणी करायला येत असत.