तिसऱ्या खेपेचा हिशेब

१९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यातील एका तरतुदीकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. गर्भ वाढू दिल्यास स्त्रीच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला इजा होईल का, हे ठरवताना तिच्या आजच्या आणि पुढे दिसत असलेल्या परिस्थितीचा विचार डॉक्टरांना करता येईल, असे ती तरतूद सांगते. गरिबी हा शब्द कायद्यात नाही; गरिबीला आत यायला एवढीच फट ठेवलेली आहे, आणि तीही आरोग्याच्या नावाने. माझा आक्षेप त्या फटीला नाही. बाई मूल नको म्हणून आली तर ऐकण्याची सोय कायद्याने थोडीफार केली, पण तिला मूल हवे असते तर काय लागले असते, हा प्रश्न सरकारने, समाजाने आणि वाद घालणाऱ्यांनी जवळजवळ सोडूनच दिला आहे.

आमचा भाग बीड जिल्ह्यातल्या केज-धारूरचा, म्हणजे ऊसतोडीचा. माझी थोरली जाऊ आशा कार्यकर्ती आहे. भाद्रपदात तिच्या ओसरीवर एक बाई आली होती. पदरात एक मुलगी, एक मुलगा, आणि आता पुन्हा दिवस राहिलेले. मी तिथेच शेंगा निवडत बसले होते. ती म्हणाली, "अक्का, लेकरू नको झालंय असं नाही. पण उचल घेऊन बसलोत आम्ही. पट्टा पडेस्तोवर आठवा लागंल. पोट घेऊन फडात मोळी कशी उचलू? अन् मी नाही गेले तर ह्यांचा अर्धाच कोयता."

पट्टा पडणे म्हणजे तोडणीचा हंगाम संपणे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम, म्हणजे मजूर गोळा करणारा कंत्राटदार, उचल म्हणजे आगाऊ रक्कम देतो ती या जोडीला देतो आणि ती फिटते जोडीने तोडलेल्या टनांवर. एक दिवस काम बुडाले तर खाडा पडतो आणि त्याचा दंड हिशेबात चढतो. बाई घरी राहिली तर निम्मी मजुरी जाते, उचल मात्र निम्मी होत नाही; उरलेली बाकी पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते. अशा हिशेबात गरोदरपण बसवायला जागाच नसते.

जाऊबाईंनी रजिस्टरच्या मागच्या पानावर सरकारी मदतीची बेरीज मांडली. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्याला पाच हजार रुपये मिळतात, दुसऱ्याला सहा हजार, पण ती मुलगी असेल तरच. हिचा दुसरा मुलगा, म्हणून तेव्हाही काही मिळाले नव्हते, आणि तिसऱ्याचा तर प्रश्नच नाही. राज्याच्या लेक लाडकी योजनेची मर्यादाही दोन अपत्यांचीच. सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत होईल, ते २०११ पासून आहेच. शिवाय दारिद्र्यरेषेखालील म्हणून जननी सुरक्षेचे सातशे रुपये. ती पेन खाली ठेवून म्हणाली, "सातशे." आणि दोघीही गप्प बसल्या.

एरवी कायदे काही कमी नाहीत. मातृत्व लाभाच्या कायद्यात २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि गर्भपातानंतरही सहा आठवड्यांची पगारी रजा त्याच कायद्यात आहे, हे तर नोकरदार बायकांनाही फारसे माहीत नसते. पण त्यासाठी कुणाच्या तरी हजेरीपटावर नाव लागते. तोडणीवाली बाई कारखान्याच्या हजेरीपटावर नाही, कारण तिला आणले मुकादमाने. आणि मुकादमाच्या वहीत नाव असते ते नवऱ्याचे. तिच्या श्रमाची नोंद 'कोयता' या अवजाराखाली होते.

याचा शेवट कुठे होतो ते बीड जिल्ह्याने पाहिले आहे. २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीपुढे जे आकडे आले, त्यांनुसार पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या होत्या. पाळी नको, पोटाचा त्रास नको, खाडा नको. यातल्या किती जणींना नीट सल्ला मिळाला असता तर ही शस्त्रक्रिया टळली असती, याचा विचार मनात आला की 'निवड' हा शब्द मला जपून वापरावासा वाटतो.

त्या बाईला मोफत गर्भपाताची सोय असलेला सरकारी दवाखाना लांब पडत होता, म्हणून ती तालुक्याच्या खासगी दवाखान्यात गेली. तिथे नवऱ्याची सही मागितली. सज्ञान स्त्रीला स्वतःच्या संमतीखेरीज कुणाचीही सही लागत नाही, हे कायद्यात स्पष्ट असताना मागितली. वर, "मुलगी आहे म्हणून आलीस का?" असेही विचारले. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली निघाल्या होत्या, तेव्हा संशय हवेतून आलेला नाही आणि परळीच्या बेकायदा लिंगनिदान आणि गर्भपाताच्या प्रकरणानंतर झालेली कारवाई गरजेचीच होती. पण सात-आठ आठवड्यांच्या गर्भाचे लिंग सोनोग्राफीत कळत नाही, एवढे डॉक्टरला तरी ठाऊक असते. लिंगनिदान करणाऱ्यांची दहशत मोडायला निघालेली यंत्रणा अशा बाईलाच दरडावते, तेव्हा बाई गोळ्या कुणाकडून तरी मिळवते आणि घरीच घेते. हिच्या बाबतीत ते टळले, जाऊबाई सोबत गेल्यामुळे. गर्भपात झाला, आणि दिवाळीच्या सुमारास ती टोळीबरोबर गेली. सहा आठवडे काही भरले नव्हते.

अमेरिकेत हा वाद उघड चालतो. तिथे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला, आणि बाळंतपणाची पगारी रजा देणारा देशव्यापी कायदा मात्र आजही नाही. १९९३ च्या कायद्याने बारा आठवडे मिळतात, तेही बिनपगारी. गर्भपात नाकारल्या गेलेल्या स्त्रियांचा काही वर्षे पाठपुरावा करणाऱ्या तिथल्या एका अभ्यासात, त्या स्त्रिया पुढे अधिक आर्थिक ओढाताणीत सापडल्याचे दिसले. आपल्याकडेही ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन मुलांच्या आईला सव्वीस आठवड्यांच्या पुढे सर्वोच्च न्यायालयाने परवानगी नाकारली. तिसरे मूल वाढवण्याची मानसिक आणि आर्थिक ताकद नाही, असे तिचे म्हणणे होते. न्यायालयाने प्रसूतीचा खर्च सरकारवर टाकला आणि मूल दत्तक देण्याचा मार्ग खुला ठेवला. इतक्या उशिराच्या गर्भाचा प्रश्न अवघड आहे, हे मी मान्य करते. तरीही मूल स्वतःजवळच ठेवून वाढवायचे ठरवले तर सरकार काय देईल, याचे उत्तर त्या निकालातून मिळत नाही.

गर्भपाताला 'पाप' म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारते, की उचलीचे व्याज कुणी भरायचे? आणि हक्काची बाजू घेणाऱ्या माझ्यासारख्यांनाही गोळी सुरक्षित मिळाली म्हणजे काम संपले, असे मानता येणार नाही. मदत दिली म्हणून गर्भपाताचा हक्क आखडता घ्यायचा, असेही नव्हे; कारण पुरेसे पैसे असूनही मूल नको असलेल्या बायका असतात आणि त्यांना कारण विचारण्याचा अधिकार कुणाला नाही.

तिसऱ्या अपत्याला मदत दिली तर लोक मुले वाढवतील, असे आमच्याकडचे शिकलेले लोकच म्हणतात. महाराष्ट्राचा प्रजनन दर पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ होता, सहा हजारांसाठी कुणी पोट वाढवत नाही. नसबंदीचा विषय निघाला की शस्त्रक्रिया बाईनेच करायची, पुरुष त्या टेबलापर्यंत क्वचितच पोचतो. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याणकारी महामंडळ आहे, त्यांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृह योजना आहे. गरोदर बाईच्या अर्ध्या कोयत्याची हंगामभराची मजुरी त्याच महामंडळाने कारखान्यांकडून वसूल करून थेट तिच्या खात्यावर द्यावी, आणि तेवढी रक्कम उचलीतून वळती करायला मुकादमाला मनाई असावी. मागणी किचकट नाही. फक्त त्यासाठी आधी मुकादमाच्या वहीत बाईचे नाव वेगळे लिहावे लागेल, आणि कारखाने अडून बसतील ते तिथेच.