आजीला पुण्याला न्यायचं आहे : आठवीचा इंग्रजीचा एक जोडतास

कार्ड ‘अ’वर कोरेगावहून साताऱ्याला जाणाऱ्या चार एसटी गाड्या आणि आजीची माहिती. कार्ड ‘ब’वर सातारा ते स्वारगेटच्या पाच गाड्या, पुण्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्याची वेळ आणि रिक्षाचा खर्च. दोन्ही कार्डं इंग्रजीत. जोडीतल्या एकाकडे एक, दुसऱ्याकडे दुसरं; कार्ड दाखवायचं नाही, इंग्रजीत बोलून उत्तर काढायचं. प्रश्न असा : आजीला सकाळी सव्वाअकराच्या आत दवाखान्यात पोचवायचं आहे, तर कोणत्या गाड्या धरायच्या आणि आजी व सोबतीला एक जण अशा दोघांचं जाणं पाचशे रुपयांत बसेल का?

वर्ग आठवीचा, सातारा जिल्ह्यातला, मराठी माध्यमाचा. मुलं ४६, म्हणजे २३ जोड्या. पस्तीस मिनिटांचे दोन तास जोडून घेतले होते. एका तासात ही कृती बसत नाही; बसवली तर शेवटचा, सर्वात मोलाचा भाग कापला जातो.

वेळा आणि दर वर्गासाठी रचलेले होते. खरं वेळापत्रक दिलं तर सातारा-स्वारगेट इतक्या गाड्या आहेत की कुठलीही धरा, आजी पोचतेच. मग बोलायला उरतं काय? म्हणून प्रत्येक मार्ग कुठे ना कुठे अडेल असं बघावं लागतं. कोरेगावहून गाड्या ६:००, ६:४०, ७:१० आणि ७:४५ला, प्रवास पाऊण तासाचा, तिकीट ४० रुपये. साताऱ्याहून साधी गाडी ६:५५, ७:३०, ८:१५ आणि ९:००ला, पावणेतीन तास, १७० रुपये. शिवशाही एकच, ८:००ला, अडीच तास, २५० रुपये. स्वारगेटहून दवाखाना रिक्षाने २० मिनिटं, ८० रुपये. आजीचं वय ७६, तिची पूजा साडेसहाला आटोपते आणि त्याआधी घर सोडायला तिला आवडत नाही. गाडी बदलायला तिला किमान २० मिनिटं हवीत.

आता मांडून बघा. स्वारगेटला १०:५५पर्यंत पोचायलाच हवं, म्हणून साताऱ्याची ८:१५ची साधी पाच मिनिटांनी चुकते. कोरेगावची ६:४० धरली तर ७:२५ला सातारा, आणि ७:३०च्या गाडीसाठी आजीला पाचच मिनिटं मिळतात. उरते शिवशाही; पण दोघांचं पूर्ण तिकीट आणि रिक्षा धरून ६६० रुपये होतात. पहाटे सहाची गाडी आणि साताऱ्याहून ७:३०ची साधी घेतली तर बरोबर ५०० रुपयांत भागतं, पण पूजा राहते. वेळ, पैसा आणि आजीची इच्छा यांतलं एक सोडावंच लागतं.

एवढा खटाटोप का, ते सांगते. नुसती माहितीची देवाणघेवाण असेल तर मुलं आकड्यांवर निभावून नेतात. ‘सिक्स फॉर्टी.’ ‘सेव्हन ट्वेन्टी फाइव्ह.’ ‘ओके.’ काम होतं, भाषा मात्र हलत नाही. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूरच्या प्रादेशिक इंग्रजी संस्थेतून दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत जो प्रयोग चालवला, त्यात कृतींचे तीन प्रकार सांगितले : माहितीतली दरी (एकाकडची माहिती दुसऱ्याला सांगायची), तर्कातली दरी (दिलेल्या माहितीवरून विचार करून उत्तर काढायचं) आणि मतातली दरी (आपली आवड किंवा मत मांडायचं). त्यांचा भर तर्कावर होता आणि वेळापत्रक हे त्यांचं आवडतं साहित्य. व्याकरणाची यादी आधी ठरवायची नाही, डोकं अर्थात गुंतलं की भाषा मागून येते, ही त्यामागची धारणा. आपल्या वर्गांसाठी ती मला आजही पटते. गटकार्य मात्र प्रभूंना फारसं मान्य नव्हतं; मुलं एकमेकांचं कच्चं इंग्रजीच उचलतील ही त्यांची भीती. ती खोटी नाही. पण ४६ जणांच्या वर्गात जोड्या केल्या नाहीत तर बहुतेक मुलं तासभरात एक वाक्यही बोलत नाहीत. कच्च्या इंग्रजीची काळजी पुढच्या टप्प्यात घेता येते.

सुरुवातीची बारा मिनिटं सगळा वर्ग मिळून. फळ्यावर तीनच गाड्यांचं वेळापत्रक आणि मामाच्या लग्नाला वेळेत पोचायचा साधा प्रश्न. इथे मी इंग्रजीत विचारते, मुलं एकेका शब्दात उत्तरं देतात आणि विचार कसा करायचा ते उघड होतं. नवे शब्द तीनच : ‘डिपार्चर’, ‘अरायव्हल’, ‘फेअर’. जास्त दिले की मुलं शब्द वहीत उतरवत बसतात.

मग बसण्याची व्यवस्था. शेजारी बसलेली मुलं एकमेकांचं कार्ड बघणारच, आणि बघितलं की बोलायचं कारण संपलं. म्हणून एकाआड एका बाकावरची मुलं मागे तोंड करून बसवली आणि मध्ये दप्तर उभं केलं. बाक हलवायची गरज पडली नाही. कार्डं एका पानावर चार अशी छापून घेतली होती, १२ पानांत काम भागलं; ‘अ’ पांढऱ्या कागदावर, ‘ब’ पिवळ्यावर, म्हणजे वाटताना घोळ होत नाही. कोणतं कार्ड कोणाला, हेही ठरवून. वाचनात मागे असलेल्या मुलाला ‘अ’ द्यावं. त्यावर ओळी कमी आहेत, पण आजीच्या अटी सगळ्या तिथेच. हुशार जोडीदाराला त्याला विचारल्यावाचून पुढे सरकता येत नाही. उलट वाटलं तर हुशार मूल एकट्यानेच गणित सोडवतं.

पहिल्या पाच मिनिटांत नेहमीची अडचण आली. ‘फॉर्टी’ आणि ‘फोर्टीन’ यांत गल्लत. मागच्या रांगेतली एक जोडी ६:१४ची गाडी शोधत होती. आवाजातला फरक गोंगाटात पोचत नाही, म्हणून एकेक अंक उच्चारून खात्री करून घ्यायला शिकवलं : ‘फोर झीरो?’ मराठीबद्दल नियम एवढाच की कार्डावरचं काही विचारायचं किंवा सांगायचं ते इंग्रजीत. मनातली बेरीज मराठीत चालेल. पूर्ण बंदी घातली तर कच्ची मुलं गप्प होतात.

वीस मिनिटांच्या त्या टप्प्यात मी कोणाचंही वाक्य दुरुस्त करत नाही. वही घेऊन फिरते आणि ऐकलेलं जसंच्या तसं टिपते. त्या दिवशी ऐकण्यासारखं खूप होतं. आजीचं वय कार्डावर होतं, सवलतीचा उल्लेख मुद्दाम कुठेच नव्हता. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२पासून मोफत आहे आणि बायकांना मार्च २०२३पासून अर्धं तिकीट आहे, हे आमच्या मुलांना पाठ असतं, कारण ती रोज एसटीने येतात. तिसऱ्या बाकावरची मुलगी एकदम म्हणाली, ‘आजी सेव्हंटी सिक्स. नो तिकीट!’ जोडीदार म्हणाला, ‘कार्ड नॉट से.’ ती म्हणाली, ‘कार्ड नॉट से, बट एसटी से.’ मग हिशेब झाला. तिकीट एकट्या सोबत्याचं, २९० रुपये, रिक्षा ८०, म्हणजे ३७०. शिवशाही परवडली, पूजाही झाली. त्यावर तिने पुढचं टाकलं : ‘यू गो, फुल तिकीट. आय गो, हाफ तिकीट. सो आय गो.’ १४५ अधिक ८०, सव्वादोनशेत काम. मुलगा ऐकायला तयार नव्हता : ‘बॅग हेवी. आय गो.’ शेजारच्या जोड्यांनी हे ऐकलं आणि वर्गभर पेटलं. आजीबरोबर कोण जाणार यावर इतकी मुलं इंग्रजीत भांडताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

या वाक्यांत व्याकरण जवळपास नाही, हे खरं. पण अर्थ पोचतोय, आणि अडचण नेमकी तीच आहे. ‘बस लीव्ह’ म्हटल्याने गाडी कळते, तर ‘लीव्हज’मधल्या ‘ज’ची मुलाला गरज का वाटावी? जोडीच्या बोलण्यात ती गरज कधीच निर्माण होत नाही. कृती आवडणारे बरेच शिक्षक इथेच थांबतात आणि मग मुलं बोलकी पण कच्चीच राहतात. पुढचे दोन टप्पे त्याचसाठी.

आठ मिनिटं तयारी : आपली योजना वर्गासमोर सांगायची आहे, चार-पाच वाक्यं ठरवा. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मुलं स्वतःच भाषा तपासतात. हात वर होऊ लागले. ‘मॅडम, लीव्ह की लीव्हज?’ ‘जर मी गेले तर, कसं म्हणायचं?’ विचारलेल्यालाच उत्तर द्यायचं. इथे दिलेला नियम मुलाच्या कामाचा असतो. मग वेगवेगळी उत्तरं काढलेल्या चार जोड्या पुढे आल्या. ऐकणाऱ्यांनाही काम हवं, नाहीतर दुसऱ्या जोडीपासूनच चुळबुळ सुरू होते. आजीला कोणती योजना आवडेल ते एका कारणासह लिहायचं, असं काम दिलं होतं. पहाटेच्या गाडीला मतं कमी पडली. जवळपास सगळ्यांनी पूजेचं कारण लिहिलं.

शेवटची पंधरा मिनिटं फळ्यावर. टिपलेल्या वाक्यांतली सहाच घेतली, नावं न लिहिता. ‘आय गो, हाफ तिकीट’ याचं ‘इफ आय गो, वी पे हाफ’ मुलांनीच केलं. पुढे ‘फॉर माय तिकीट’ जोडायला मी सुचवलं. ‘कार्ड नॉट से’वर सर्वाधिक वेळ गेला, कारण ‘डझन्ट’ आलं की ‘सेज’चं ‘से’ होतं, ही गोष्ट मुलांना दरवेळी अन्यायाची वाटते. ‘द कार्ड डझन्ट से इट’ तीन-चारदा सगळ्यांकडून म्हणवून घेतलं.

घरी करायला निरोप दिला : पुण्यातल्या काकांना चार वाक्यांत कळवा, कोण येतंय, कोणत्या गाडीने, किती वाजता. तपासताना ‘लीव्हज’ अर्ध्याहून अधिक वह्यांत बरोबर होतं. ‘अराइव्ह’पुढे मात्र बहुतेकांनी ‘इन स्वारगेट’, ‘टू स्वारगेट’ असंच लिहिलं होतं. त्यावर तासात चर्चा झालीच नव्हती. पुढच्या कृतीत कार्ड ‘ब’वर ‘अराइव्ह अ‍ॅट’ असलेली दोन वाक्यं छापून घेतली, आणि परतीच्या प्रवासाचा प्रश्न ठेवला : डोळ्यांत औषध घातल्यामुळे आजीला नीट दिसत नाही आणि अंधार पडायच्या आत घरी पोचायचं आहे.