कोकणातल्या परसात पक्ष्यांचे फोटो: आधी पाणी, मग कॅमेरा

जाळीचे, दाण्यांनी भरलेले फीडर आता ऑनलाइन कुठेही मिळतात. तसा एखादा आणून माडाला टांगला, तर कोकणात पहिल्या आठवड्यात येतात साळुंक्या आणि कावळे, अंधार पडला की उंदीर. थंड देशांत हिवाळ्यात खाणं बर्फाखाली जातं, म्हणून तिथे दाण्यांना महत्त्व. आपल्या परसात केळी, जास्वंद, कढीपत्ता, उंबर असताना दयाळ, तांबट, शिंजीर आणि नाचण दाण्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यांचं पोट किड्यांवर, फळांवर आणि फुलांतल्या मधावर भरतं. इथे टंचाई असते ती पाण्याची. पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण जांभा तो धरून ठेवत नाही. होळीनंतर वहाळ आटतात आणि मग न्हाणीघराच्या सांडपाण्यावरसुद्धा पक्षी उतरू लागतात. म्हणून पैसे फीडरवर घालण्याआधी एक मातीची ताटली आणावी.

कुंडीखाली ठेवतात ती पसरट ताटली उत्तम: ३० ते ४० सेंमी रुंद, ४-५ सेंमी खोल. चकचकीत चिनी मातीची किंवा प्लॅस्टिकची नको, तिच्यावर पाय सरकतात आणि पक्षी काठावरूनच परत जातो. मधोमध चिऱ्याचा खरखरीत तुकडा ठेवावा आणि पाणी अशा बेताने भरावं की काठाजवळ एक-दीड आणि मध्ये तीन सेंमीपेक्षा जास्त खोली राहणार नाही. बुलबुल पोटापर्यंत पाण्यात उतरतो, त्याहून खोल पाणी त्याला नको असतं. ताटली रोज रिकामी करून नारळाच्या सोडणाने घासायची, साबण लावायचा नाही. उष्ण हवेत डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून डास होण्यासाठी आठवडाभर पुरतो. पाणी रोज बदललं तर ती भीती उरत नाही.

पाणी ठिबकतं असेल तर पक्षी लवकर येतात, कारण थेंबाची हालचाल आणि आवाज त्यांना लांबूनही कळतो. पाच लिटरचा कॅन फांदीला टांगावा आणि औषधाच्या दुकानात मिळणारी सलाइनची नळी त्याला जोडावी. चाक फिरवून दोन सेकंदांना एक थेंब ठेवला, तर साधारण २० थेंबांना एक मिलिलिटर या हिशेबाने दिवसाला दोन-सव्वादोन लिटर पाणी लागतं. म्हणजे कॅन दोन दिवस जातो. ओसंडणारं पाणी अळवाच्या किंवा केळीच्या आळ्यात जाईल असं बघावं.

शिंजीर आणि फुलटोच्या ताटलीत क्वचितच उतरतात. त्यांची अंघोळ ओल्या पानांवर अंग घासून होते. सकाळी आठ-साडेआठच्या सुमारास केळीच्या किंवा अळवाच्या पानांवर झारीने पाणी मारून बाजूला बसावं. शिंजीर पानावर लोळताना मिळण्याची सगळ्यात चांगली संधी हीच.

ताटल्या दोन असाव्यात. एक जमिनीवर, सावलीत, कस्तुर, सातभाई आणि दयाळ यांच्यासाठी. तिच्याभोवती दीड-दोन मीटर मोकळी जागा हवी, म्हणजे दबा धरून बसलेलं मांजर वेळेत दिसतं. दुसरी छातीएवढ्या उंचीच्या खांबावर. आळीत मोकळी मांजरं फार असतील तर जमिनीवरची ताटली ठेवूच नये. खिडकीच्या काचेपासून ताटली एकतर मीटरभराच्या आत असावी, नाहीतर दहा मीटर लांब. मधल्या अंतरावरून उडालेला पक्षी पुरेसा वेग घेऊन काचेवर आदळतो आणि मरतो.

खायला ठेवायचंच असेल तर पिकलेलं केळं किंवा पपईची फोड डहाळीच्या टोकाला खोचून ठेवावी. सकाळी सातला ठेवून दहाला उचलायची. जास्त वेळ राहिली तर फळमाश्या जमतात, आणि एकदा केल्डी (माकडं) आली की ती पुढे सगळी वाडी उजाड करतात. मुनियांसाठी मूठभर नाचणी किंवा तांदळाची कणी चालते, तीही नोव्हेंबर ते मे एवढ्याच दिवसांत आणि संध्याकाळपर्यंत संपेल इतकीच. पावसात ओल्या दाण्यांना एका रात्रीत बुरशी येते आणि तिच्यातलं विष पक्ष्यांना मारू शकतं. मिठाचा भात, फरसाण, बिस्किटं अजिबात नकोत. साखरपाण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: टाळावं. आपल्या उकाड्यात ते दिवसभरात आंबतं, त्यावर ओंबील (लाल मुंग्या) चढतात, आणि भांडं रोज उकळत्या पाण्याने धुणं फार थोड्यांना जमतं.

त्यापेक्षा झाडं लावावीत. कढीपत्त्याची पिकून काळी झालेली फळं बुलबुल आणि कोकीळ एकही सोडत नाहीत. सिंगापूर चेरी दोन वर्षांत फळाला येते आणि मग तिच्यावर फुलटोच्यांची जवळजवळ रोज हजेरी असते. केळफुलावर शिंजीर येतात, दक्षिण कोकणात लांब बाकदार चोचीचा कोळीखाऊसुद्धा. फुलटोच्याला सगळ्यात प्रिय बांडगुळाचं फळ, पण बांडगूळ राखा असं बागायतदाराला सांगता येत नाही. फुलटोच्या त्या चिकट बिया शेजारच्या कलमांवर पुसतो आणि तिथे नवं बांडगूळ उगवतं. कलमं असतील तिथे चेरीच बरी.

आता बैठक. पक्षी थेट पाण्यावर येत नाही. आधी जवळच्या फांदीवर बसून चहूकडे बघतो, आणि फोटो त्या फांदीवरचा काढायचा असतो. ताटलीपासून अर्ध्या मीटरवर बांबूचं वाळू भरलेलं नळकांडं रोवून त्यात बोटाएवढी जाड, दगडफूल आलेली डहाळी उभी करावी. तिच्यामागे निदान चार-पाच मीटर मोकळं असेल अशी जागा निवडावी. गडगा किंवा पत्र्याची शेड मागे चिकटून असली तर पार्श्वभूमी कधीच मऊ होत नाही. डहाळी आठवड्याने बदलावी, नाहीतर वर्षभराचे सगळे फोटो एकाच काठीवरचे दिसतात.

किती लांब बसायचं याचा हिशेब सोपा आहे. बऱ्याच हौशी कॅमेऱ्यांत चित्र टिपणारा सेन्सर एपीएस-सी आकाराचा असतो, त्याची रुंदी साधारण २३.५ मिमी. ४०० मिमीच्या लेन्सने चार मीटरवर चौकटीची रुंदी २३-२४ सेंमी भरते, सहा मीटरवर ३५ सेंमी. बुलबुल २० सेंमी लांब असतो, म्हणून त्याला सहा मीटर ठीक. दहा सेंमीच्या शिंजिरासाठी मात्र तीन-चार मीटरवर जावं लागतं, आणि काही लेन्स इतक्या जवळ फोकसच होत नाहीत. लेन्सवर लिहिलेलं किमान अंतर आधी बघून मगच फांदी रोवावी. कॅमेरा नसेल तर मोबाइल फांदीपासून ५०-६० सेंमीवर स्टँडला लावून ४के व्हिडिओ सुरू ठेवावा आणि आपण घरात जावं. त्यातून काढलेलं एकेक चित्र आठ मेगापिक्सेलचं असतं, ओळखीसाठी तेवढं भरपूर झालं.

लपण्यासाठी पडवीची खिडकी सगळ्यात सोयीची. जुनी गडद साडी पडद्यासारखी लावून तिच्या फटीतून लेन्स काढावी आणि खाली वाल भरलेली पिशवी ठेवावी. सूर्य पाठीशी यावा. सकाळी सात ते साडेनऊ हा वेळ उत्तम. त्यानंतर माडाच्या झावळ्यांतून येणारे कवडसे पक्ष्याच्या अंगावर चट्टेपट्टे पाडतात आणि ते कोणत्याही सेटिंगने जात नाहीत. पानांतून गाळून आलेला उजेडही फसवतो. त्यात पांढरं पोट हिरवट-पिवळं दिसतं आणि ओळख चुकते. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेलं मूळ चित्र) असेल तर रंग नंतर सुधारता येतो, जेपीईजीत फार थोडा.

शटरचा वेग बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंद, अंघोळीचे तुषार गोठवायला १/१६००, आणि ऑटो आयएसओची मर्यादा ३२००. लेन्सचं छिद्र एफ/५.६ ते एफ/८. दयाळ नर हा सगळ्यात अवघड विषय: अंग काळं, पोट आणि पंखावरचा पट्टा पांढरा. उजेड पांढऱ्यासाठी धरावा, म्हणजे एक्स्पोजर -०.७ करावं. काळा भाग नंतर उजळता येतो, जळालेला पांढरा परत येत नाही. उजळ आकाशावर बसलेल्या पक्ष्याला उलट, +१ किंवा त्याहून थोडं जास्त. फ्लॅश वापरू नये. आवाज वाजवून पक्षी बोलावणं आणि घरट्याजवळ कॅमेरा नेणं, या दोन गोष्टी तर कुठल्याही फोटोसाठी करू नयेत. पिल्लं टाकून गेलेल्या मादीची भरपाई कशानेही होत नाही.

ओळख पटवण्यासाठी एक देखणा फोटो पुरत नाही. बाजूने एक, पाठीकडून एक आणि शेपटीखालचा भाग दिसेल असा एक, इतके हवेत. चोचीचा आकार, डोळ्याचा रंग आणि भुवई स्पष्ट यायला हवी. गोंधळ नेहमी त्याच त्या जोड्यांत होतो.

शिपाई बुलबुलाच्या पिल्लाला गालावरचा लाल ठिपका नसतो आणि शेपटीखालचा रंग फिका नारिंगी असतो, त्यामुळे ते लालबुड्या वाटतं. तुरा बघावा: शिपायाचा उभा आणि टोकदार, लालबुड्याचा आखूड. शिवाय लालबुड्या उडाला की पाठीच्या शेवटी पांढरा पट्टा चमकतो.

साळुंकीच्या डोळ्याभोवती पिवळी कातडी असते. जंगली मैनेला ती नसते, चोचीच्या मुळाशी पिसांचा छोटा झुबका असतो, आणि आपल्याकडच्या उपजातीचा डोळा निळसर करडा. या उपजातीचं शास्त्रीय नाव ‘मराटेन्सिस’, आपल्या मुलखावरूनच पडलेलं. डोळ्यावर नीट फोकस असला की ही ओळख एका फोटोत होते.

शिंजिरांच्या माद्यांपाशी भलेभले अडखळतात. जांभळ्या शिंजिराची मादी गळ्यापासून खाली सगळी फिकट पिवळी असते. जांभळ्या पाठीच्या शिंजिराच्या मादीचा गळा राखी-पांढरा आणि पोट पिवळं. चोच डोक्यापेक्षा ठळक लांब आणि बाकदार दिसली तर लोटनचा शिंजीर मनात आणावा. पिवळ्या पोटावर गळ्यापासून मधोमध काळी रेघ असेल तर तो मादी नव्हे, विणीचा हंगाम उलटल्यावर पिसं बदललेला जांभळा नर असतो. आणि जेमतेम आठ सेंमीच्या मादीच्या पाठीशेवटी किरमिजी रंग दिसला, तर ती पश्चिम घाटापुरतीच सापडणारी छोटी किरमिजी पाठीची जात. पाठीकडून फोटो घ्यावा म्हणतात तो यासाठी.

नारिंगी डोक्याच्या कस्तुराच्या गालावर दोन उभे गडद पट्टे आणि गळा पांढरा असेल तर तो आपला स्थानिक. गाल कोरा नारिंगी असेल तर तो हिवाळ्यात उत्तरेकडून आलेला. ही उपजातीची नोंद फार मोलाची असते, आणि तिच्यासाठी बाजूने घेतलेला चेहरा हवा.

ठिपकेदार मुनियेच्या पिल्लांना छातीवर खवले नसतात, ती नुसती तपकिरी असतात. थव्यातली मोठी मुनिया बघून ठरवावं. याच थव्यांत हिवाळ्यात सुगरण पक्षी मिसळतात आणि चिमणी म्हणून नोंदले जातात, कारण नराच्या डोक्यावरची पिवळी टोपी फक्त विणीच्या हंगामात असते. सालीम अलींनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला ज्या सुगरणींच्या घरट्यांचा अभ्यास केला, ते पक्षीही हिवाळ्यात असेच साधे दिसत असणार.

पर्णपक्ष्यांत कपाळ नारिंगी दिसलं तर प्रश्न मिटला, ती सोनेरी कपाळाची जात. नाही दिसलं म्हणून दुसरी जात लिहू नये, कारण सोनेरी कपाळाच्या जातीच्या पिल्लांचं कपाळही हिरवंच असतं. पर्णवटवट्यांच्या बाबतीत फोटोवर विसंबू नये. मोबाइलवर आवाज टिपून ठेवावा, तो फोटोपेक्षा जास्त सांगतो.

पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन ॲपला फोटो दाखवताना तारीख आणि ठिकाण बरोबर भरावं, नाहीतर ते हिमालयातले पक्षी सुचवतं. त्याचं उत्तर हे अनुमान समजून वरच्या खुणा स्वतः पडताळाव्यात. नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर करताना एका जागी निदान १५ मिनिटं बसून दिसलेले सगळे पक्षी लिहावेत, कावळे-साळुंक्यांसकट. फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट या जागतिक पक्षीगणनेत भारत २०१३ पासून भाग घेतो आहे आणि परसातली यादी तिथे तितकीच चालते. कॅमेऱ्यातलं घड्याळ आधी बरोबर लावून घ्यावं. तारीख चुकली की स्थलांतरित पक्ष्याचा चांगला फोटोही नोंद म्हणून बाद होतो.

जूनपासून दाणे बंद, फळही बंद. ताटली पावसाने आपोआप भरते, तरी घासणं चुकवू नये. लेन्स कपाटात कापडाच्या पिशवीत ठेवली तर ऑगस्टपर्यंत आतल्या काचेवर बुरशीचे धागे दिसू लागतात. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवावा, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहावा. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परत निळे होईपर्यंत गरम करायचे. ती कढई पुन्हा स्वयंपाकाला वापरायची नाही. समुद्र जवळ असेल तर लेन्सच्या बाहेरच्या नळीवरची खारी ओल किंचित ओलसर फडक्याने त्याच संध्याकाळी पुसावी. काचेला मात्र कोरडं फडकं थेट लावू नये, आधी फुंकणीने मीठ आणि धूळ उडवावी, नाहीतर त्याच कणांनी काचेवर ओरखडे उठतात.